पुस्तक चुकलं की मुलगा? प्रोग्रामिंगचं पहिलं पुस्तक निवडताना

इंदूरमधल्या लोकमान्यनगरच्या एका ताईंनी विचारलंय: "मुलगा कॉमर्स घेऊन बारावी झाला, जुलैपासून बीसीए. शाळा हिंदी माध्यमाची, घरात मराठी, इंग्रजी वाचतो पण अडखळत. कॉलेज सुरू व्हायच्या आत थोडं यावं म्हणून खजुरी बाजारातून सी लँग्वेजचं ८०० पानांचं पुस्तक आणलं. महिना झाला, गाडी ४०व्या पानापुढे जात नाही. आता म्हणतो, हे माझ्याच्याने होणार नाही. पुस्तक चुकलं की मुलगा? आणि दुसरं घ्यायचं तर कोणतं?" सोबत मुलाने लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो पाठवलाय.

ताई, मुलगा चुकलेला नाही. फोटो बघून एवढं खात्रीने सांगतो. दोन आकडे घ्यायचे आणि बेरीज दाखवायची, इतकाच प्रोग्राम आहे. आकडा घेणाऱ्या ओळीत, स्कॅनएफच्या कंसात, व्हेरिएबलच्या, म्हणजे आकडा ठेवायच्या जागेच्या, नावाआधी & हे चिन्ह लागतं. ते त्याच्याकडून राहिलंय. बाकी सगळं ठीक. पण प्रोग्राम पहिला आकडा घेतो आणि गपकन बंद पडतो, काय बिघडलं ते सांगतही नाही. ते चिन्ह म्हणजे त्या व्हेरिएबलचा मेमरीतला पत्ता. पत्ता दिला नाही की आकडा भलत्याच घरात शिरायला जातो आणि विंडोज त्याला दारातूनच हाकलतं.

मी त्याला फोन केला आणि विचारलं, हे चिन्ह कशासाठी, ते पुस्तकात दिलंय का? म्हणाला, "दिलंय ना काका. पॉइंटरच्या प्रकरणात समजावू, असं लिहिलंय." पॉइंटरचं, म्हणजे अशा मेमरीतल्या पत्त्यांचं, प्रकरण कितव्या पानावर? ३१२.

म्हणजे ४०व्या पानावर पडलेल्या प्रश्नाचं उत्तर ३१२व्या पानावर, आणि मधली २७२ पानं पोराने विश्वासावर काढायची. कॉमर्सचा मुलगा आहे, इतकी उधारी त्याला कशी पटेल? त्यामुळे पुस्तक वाईट आहे असं मी म्हणणार नाही, पण या मुलासाठी या महिन्यात ते चुकीचं आहे.

मी २७ वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. रविवारी सकाळी राजेंद्रनगरला आमच्या घरी पाच-सहा मुलं येऊन बसतात, त्यांचं प्रोग्रामिंग बघतो. फी नाही, फक्त लॅपटॉप चार्ज करून आणायचा. आमच्या वेळी हे असं नव्हतं. एका क्लासमध्ये सर फळ्यावर प्रोग्राम लिहायचे, आम्ही वहीत उतरवून घ्यायचो आणि आठवड्यातून एकदा, एका कॉम्प्युटरवर तिघं मिळून, तोच प्रोग्राम टाइप करायचो. चालला तर टिक, नाही चालला तर "स्पेलिंग बघ". चालला नाही तर का चालला नाही, हे त्या दोन वर्षांत एकदाही कुणी सांगितलं नाही. मला नोकरी लागल्यावर पहिले सहा महिने नेमकं तेच करावं लागलं: दुसऱ्याचा न चालणारा प्रोग्राम घेऊन बसायचं आणि का चालत नाही ते शोधायचं. तेव्हापासून पहिल्या पुस्तकाबद्दल माझं एकच मोजमाप आहे. ते पुस्तक चुका दाखवतं का?

बहुतेक पुस्तकांत फक्त बरोबर प्रोग्राम असतात. पान उलटा, बरोबर प्रोग्राम. पुढचं पान, आणखी एक बरोबर प्रोग्राम. वाचणाऱ्याच्या पडद्यावर मात्र दिवसभर चुकीचे प्रोग्राम असतात, आणि त्यांच्याबद्दल पुस्तक अवाक्षर काढत नाही. स्वयंपाकाच्या पुस्तकात फोडणी करपली तर काय करायचं हे नसलं तरी चालतं, शेजारी आई असते. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या पहिल्या पिढीच्या मुलाशेजारी कुणी नसतं, त्याचं पुस्तकच त्याची आई.

दुकानात उभ्याउभ्या हे कसं ओळखायचं ते सांगतो. खजुरी बाजारात दुकानदार म्हणेल, "भिया, ये वाली सबसे ज्यादा चलती है." चालते ती परीक्षेसाठी, हे तो सांगत नाही, आणि आपण विचारतही नाही. त्याच्याकडून पुस्तक हातात घ्या आणि पहिलं प्रकरण सोडून द्या. पहिल्या प्रकरणात कॉम्प्युटरचा इतिहास, इनपुट-आउटपुट डिव्हाइस आणि चार आकृत्या असतात, सगळ्या पुस्तकांत सारख्याच. थेट जिथे लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं, सुरू होतं तिथे उघडा. तिथे एखादा मुद्दाम चुकवलेला प्रोग्राम आहे का? "हे चालवून बघा, असा मेसेज येईल, तो असा वाचायचा," असं कुठे म्हटलंय का? प्रत्येक प्रोग्रामखाली त्याचं आउटपुट छापलंय का? नसेल तर मुलाला आपलं उत्तर ताडून बघता येत नाही. मग सुरुवातीची ३० पानं भराभर चाळा आणि "हे पुढे कळेल", "सध्या असंच लिहा" अशी वाक्यं बोटावर मोजा. एक-दोन असली तर हरकत नाही, तेवढी उधारी कुठल्याही विषयात असते. पाचाच्या वर गेली तर पुस्तक परत फळीवर.

या मोजणीत जावाची पुस्तकं हटकून नापास होतात. त्यात लेखकाचा दोष कमी आहे. त्या भाषेत एक ओळ छापायलाही आधी पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन अशी वरात काढावी लागायची, आणि त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ पहिल्या दिवशी सांगता येत नाही.

आणखी एक जागा मी नेहमी बघतो. एक्स = एक्स + १ ही ओळ पुस्तकात पहिल्यांदा येते तिथे लेखक थांबतो का? गणित नीट शिकलेला मुलगा इथे चक्रावतो, कारण गणितात ही ओळ खोटी आहे. कुठलीही संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी कशी असेल? इथे = चा अर्थ "बरोबर" असा नसून "उजवीकडचं काढ आणि डावीकडच्या नावाखाली ठेव" असा आहे. चांगलं पुस्तक यावर अर्धं पान खर्च करतं. घाईतलं पुस्तक "याने एक्सची किंमत एकाने वाढते" म्हणून पुढे जातं आणि मुलगा पुढचे दोन महिने पाठांतरावर काढतो.

तुमच्या मुलाला मात्र हे सोपं जाईल, कारण खातेवही त्याने पाहिलीय. त्याला म्हणावं, असं वाच: शिल्लक = शिल्लक + जमा. कालच्या शिल्लकीत आजची जमा मिळवली की आजची शिल्लक. यात चक्रावण्यासारखं काही राहतच नाही. आणि गंमत म्हणजे ही ओळ मी इथे मराठीत लिहिलीय तशीच पायथन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत टाइप केली तरी चालते. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवता येतात. विचारलेल्या आकड्याच्या जागी कुणी १२ हे देवनागरीत टाइप केलं तरी इंट ही पायथनची आज्ञा त्याचा बिनतक्रार आकडा करून देते. रविवारच्या मुलांना हे दाखवलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. नोकरीत कुणी असं लिहू देणार नाही, पण पहिल्या महिन्यात लिहिलं तर काही बिघडत नाही.

व्हेरिएबल समजावताना जवळपास प्रत्येक पुस्तक म्हणतं, व्हेरिएबल म्हणजे डबा. मीही बरीच वर्षं हेच सांगायचो. मग एका मुलीने विचारलं, "काका, ए = बी लिहिल्यावर बी रिकामा होतो ना?" तिचं बरोबरच होतं! एका डब्यातली साखर दुसऱ्यात ओतली तर पहिला रिकामाच होणार. प्रोग्रामात तो होत नाही, कारण तिथे ओतणं नसतं, उतरवून घेणं असतं. त्या दिवसापासून मी डबा सोडला आणि पाटी धरली. एका पाटीवरचं बघून दुसरीवर लिहिलं की पहिलीवरचं पुसलं जात नाही. दुसरीवर आधी जे होतं ते मात्र जातं. पुस्तकात डबा असेल तर असू दे, पण हा प्रश्न लेखकाला सुचलाय का तेवढं बघा.

आता जुन्या पुस्तकांबद्दल. खजुरी बाजारातली जुनी पुस्तकं स्वस्त मिळतात आणि इतर विषयांसाठी मी स्वतः तिथूनच घेतो, पण प्रोग्रामिंगचं पहिलं पुस्तक जुनं घेताना सांभाळून. टर्बो सी हे सीचे प्रोग्राम चालवायचं बोर्लंड कंपनीचं सॉफ्टवेअर, १९८७ साली आलेलं आणि पुढे निळ्या पडद्यामुळे ओळखलं गेलेलं. त्याच्या भरवशावर लिहिलेली पुस्तकं अजून फिरतात, आणि काही कॉलेजांच्या लॅबमध्ये अजून तोच निळा पडदा दिसतो. ते १६ बिटचं आहे. आजच्या ६४ बिट विंडोजवर सरळ चालतच नाही, जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सचा टेकू लावावा लागतो. त्या पुस्तकात लिहिलेलं असतं की इंट, म्हणजे सीमधला पूर्णांक, दोन बाइटचा, ३२,७६७ च्या वर जात नाही. म्हणून २०,००० मध्ये २०,००० मिळवले तर तिथे उत्तर येतं उणे २५,५३६. मुलगा तेच जीसीसी या सीच्या आजच्या सॉफ्टवेअरवर करतो आणि त्याला सरळ ४०,००० मिळतात, कारण तिथे इंट चार बाइटचा आहे. उत्तर बरोबर आलं म्हणून मुलगा घाबरलाय, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. पुस्तकात कोनिओ, क्लिअर स्क्रीन, गेटसीएच हे शब्द पहिल्याच प्रोग्रामात दिसले तर ते पुस्तक त्या काळातलं, असं खुशाल समजा.

पायथनची जुनी पुस्तकं ओळखणं याहून सोपं. प्रिंट या शब्दापुढे कंस नसेल तर ते पायथन २ चं पुस्तक. पायथन ३ आलं २००८ च्या डिसेंबरात, आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला कायमचा बंद झाला. जुन्या पुस्तकातला पहिलाच प्रोग्राम आज चालत नाही. शिवाय ५ भागिले २ चं उत्तर तिथे २ आणि आज २.५. अशा पुस्तकाचे १०० रुपये वाचवून मुलाचा आठवडा घालवू नका.

बरं, मग घ्यायचं कोणतं? माझं मत स्पष्ट आहे: जुलैपर्यंत पायथन, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च करायची गरज नाही.

एनसीईआरटीचं अकरावीचं कॉम्प्युटर सायन्स घ्या. त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहे. पहिली तीन प्रकरणं माहितीची आहेत, ती सोडा. चौथं प्रकरण एखादा प्रश्न पायऱ्यापायऱ्यांनी कसा सोडवायचा याचं आहे, ते सोडू नका. पाचव्यापासून पायथन. पुस्तक रुक्ष आहे, हसवत नाही की रमवत नाही. पण आपल्याकडच्या मुलाला शाळेच्या पुस्तकाची सवय असते, धडा, उदाहरणं, स्वाध्याय हा साचा त्याच्या हाताखालचा असतो, आणि इंग्रजीही शाळेतलंच, छोट्या वाक्यांचं. अडखळत वाचणाऱ्याला याची किती मदत होते ते इंग्रजी सराईत वाचणाऱ्यांना कळत नाही.

त्याच्या जोडीला ॲलन डाउनी यांचं थिंक पायथन. हेही लेखकाने स्वतः वाचायला मोकळं ठेवलंय, तिसरी आवृत्ती २०२४ ची. माझं मोजमाप ज्या थोड्या पुस्तकांना पुरून उरतं त्यांपैकी हे एक. प्रकरण संपता संपता त्यात डीबगिंगवर वेगळा भाग असतो: इथवर जे शिकलात त्यात काय काय बिघडू शकतं आणि ते कसं हुडकायचं. शेवटी नव्या शब्दांचे अर्थ, एकेका ओळीत. मुलाला सांगा, एनसीईआरटीचा धडा झाला की थिंक पायथनमधला त्याच विषयाचा भाग उघडायचा आणि डीबगिंग आधी वाचायचं. दोन्ही पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची नाहीत, हे त्याला दोनदा सांगा. आपल्या मुलांना पुस्तक अर्धवट सोडलं की पाप लागतं असं वाटतं.

ऑगस्टपर्यंत एवढं झालं आणि हुरूप टिकला, तर अल स्वाइगार्ट यांचं ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथन. तेही इंटरनेटवर मोकळं आहे. त्याच्या उत्तरार्धात फायली, एक्सेलच्या शीट, पीडीएफ यांच्यावर प्रोग्राम चालवायला शिकवलंय. कॉमर्सवाल्याला एक्सेलची शीट आपोआप भरताना दिसली की मग त्याला अभ्यासाला बस म्हणावं लागत नाही, ऊठ म्हणावं लागतं.

इथे माझे काही मित्र भांडायला येतील. त्यांचं म्हणणं, पाया सीचाच हवा, पायथनने मुलं लाडावतात. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. मेमरी म्हणजे काय, आकडा कुठे राहतो, हे सी जसं अंगावर येऊन शिकवतं तसं पायथन शिकवत नाही. आणि बीसीएला बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षात सी असतंच, ते टळणार नाही. माझा वाद फक्त क्रमाचा आहे. व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन या चार गोष्टी कुठल्याही भाषेत त्याच आहेत. पायथनमध्ये त्या शिकताना भाषा मध्ये कडमडत नाही. नावाचं स्पेलिंग चुकलं, टोटलमधला एक ए राहिला, तर २०२१ पासूनच्या पायथनच्या आवृत्त्या ओळ क्रमांकासकट विचारतात, तुम्हाला टोटल म्हणायचं होतं का? सी त्या & बद्दल काय म्हणालं? काहीच नाही, प्रोग्राम बंद पडला. दीड महिना बोलणाऱ्या मास्तरकडे बसलेला मुलगा मुक्या मास्तरकडे टिकतो. उलट्या क्रमाने बसलेली मुलं मी ४०व्या पानावर पाहिलीत.

सीचं पुस्तक कॉलेज सुरू झाल्यावर घ्या. यशवंत कानेटकर आपले नागपूरचे, त्यांचं लेट अस सी हॉस्टेलच्या खोल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरत आलंय, आणि ते गोष्ट सांगावी तसं लिहिलंय. फक्त नवी आवृत्ती घ्या, सीनियरने दिलेली नको. सी प्लस प्लसकडे कल असेल तर आयआयटी मुंबईचे अभिराम रानडे यांचं पुस्तक बघा. त्यात सुरुवातीलाच पडद्यावरच्या कासवाला चालवून चौकोन काढायचा असतो, आणि लूप म्हणजे काय ते कासवाच्या पावलांतून कळतं. कोपरा चुकला तर चौकोन मिटत नाही, म्हणजे चूक डोळ्यांना दिसते. मला हे फार आवडतं.

कुणी मोठा माणूस येऊन सांगेल, कर्निघन आणि रिची वाचायला द्या, खुद्द सी बनवणाऱ्या रिचींचं पुस्तक आहे. १९७८ चं ते पुस्तक, दुसरी आवृत्ती १९८८ ची, जेमतेम पावणेतीनशे पानांचं, आणि त्यातलं एक वाक्य जास्तीचं नाही. 'हॅलो, वर्ल्ड' घरोघरी नेलं ते त्यानेच. माझ्या टेबलावर ते कायम असतं. पण वाचकाला व्हेरिएबल, लूप, फंक्शन यांची तोंडओळख आहे असं धरून चाललोय, हे लेखकांनी प्रस्तावनेतच सांगितलंय. प्रस्तावना कुणी वाचत नाही, म्हणून ते पुस्तक नवशिक्यांच्या माथी मारलं जातं.

भाषेचं काय? तुमच्या मुलाची अडचण मी ओळखतो, कारण इंदूरच्या आपल्या निम्म्या घरांत ती आहे. पुस्तक इंग्रजी, वर्ग हिंदी, घर मराठी. एकच गोष्ट तीन ठिकाणी तीन नावांनी येते आणि कुठल्याच नावाने आपली होत नाही. व्हेरिएबलला चर म्हणावं की चल, यात वेळ घालवू नये. शब्द इंग्रजीच ठेवावेत, समजूत मात्र घरच्या भाषेत हवी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी, पायथन, लिनक्स असे बरेच विषय छोट्या छोट्या व्हिडिओंत आहेत आणि त्यांतले कितीतरी मराठी आवाजात मिळतात. धडा वाचून डोक्यावरून गेला तर त्या विषयाचा व्हिडिओ मराठीतून ऐकायचा आणि मग पुन्हा इंग्रजी धडा. असं उलटसुलट केलं की दुसऱ्या वाचनात इंग्रजी आपोआप सैल होतं.

एक वही हवी. छापील प्रोग्राम उतरवून काढायला नको, ते मी दोन वर्षं केलं. वहीत प्रोग्राम चालवायच्या आधी लिहायचं की उत्तर काय येईल. मग चालवायचा. वेगळं आलं तर का, ते खाली आपल्या भाषेत. समजा ५ आणि ७ दिले आणि उत्तर १२ ऐवजी ५७ आलं. पायथन शिकणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा येतंच. कीबोर्डवरून आलेलं सगळं पायथन अक्षरं म्हणून घेतो, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. आकडा हवा असेल तर इंट करून मागावा लागतो. ज्याने वहीत आधी १२ लिहिलेलं असतं तो ५७ बघून थबकतो. ज्याने लिहिलेलं नसतं त्याला ५७ हा नुसता एक आकडा वाटतो.

आजकाल मुलं थेट चॅटबॉटला विचारतात आणि आयता प्रोग्राम चिकटवतात. माझ्याकडे नियम असा की एरर मेसेज चिकटवून "याचा अर्थ सांग" म्हणायला परवानगी आहे, "दुरुस्त करून दे" म्हणायला नाही. पाळतात का? माझ्यासमोर तरी पाळतात.

स्वाध्याय पुस्तकातलेच करायला पाहिजेत असंही नाही. मूळ संख्या आणि फिबोनाची कुठल्या घरात लागते? माझ्याकडे एक मुलगी यायची, तिची आत्या भंवरकुआंला कोचिंगच्या मुलांना डबे देते. महिन्याचा हिशोब, कोण कधी गावाला गेला, किती डबे वजा. पोरीने प्रोग्राम लिहिला, पायथनच्या रेंजमध्ये ५ आणि १२ घातले, एका मुलाची ५ तारखेपासून १२ तारखेपर्यंतची सुट्टी मोजली, ७ आली. वजाबाकी करून पाहिली, १२ वजा ५, तीही ७. खूश झाली. आत्याने नुसती बोटं मोजली आणि म्हणाली, "आठ आहेत गं. बाराचा डबा कुठे गेला?" रेंज शेवटचा आकडा धरत नाही, १२ म्हटलं की ११ वर थांबतं, हे पुस्तकात होतं आणि पोरीने वाचलंही होतं. पण दिवसाचे दोन डबे, म्हणजे दोन डब्यांचे पैसे जादा लावले गेले असते, आणि तो मुलगा भांडायला आला असता. त्यानंतर ही चूक तिच्या हातून झालेली मला आठवत नाही. तुम्हीही तुमची भिशी असेल, गणपतीची वर्गणी असेल, दूधवाल्याचा हिशोब असेल, तो त्याला द्या आणि आलेलं उत्तर बोटांवर तपासा. तुम्हाला प्रोग्रामिंग येत नाही हे इथे चांगलंच आहे, तुम्ही त्याच्या प्रोग्रामावर विश्वास ठेवणार नाही.

लॅपटॉप तुमच्याकडे आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनी मोबाइलवर पायड्रॉइडसारखं ॲप घेऊन सुरुवात करायला हरकत नाही, जोडीला साधा कीबोर्ड मिळाला तर उत्तम. मोबाइलच्या काचेवर कंस आणि अवतरणचिन्हं शोधता शोधता निम्मा जीव जातो, आणि दोष प्रोग्रामिंगला मिळतो. वेळ रोज तासभर, पण टाइप करत. गादीवर लोळून प्रोग्रामिंगचं पुस्तक वाचणं म्हणजे नेहरू पार्कच्या तलावाकाठी बसून पोहायला शिकणं.

ते ८०० पानांचं पुस्तक विकू नका. परत घेणारा निम्मेही देणार नाही. कपाटात वरच्या फळीवर ठेवा, त्याला दिसणार नाही असं. कॉलेजात सी सुरू होऊन स्कॅनएफशी पुन्हा गाठ पडली, की एखाद्या संध्याकाळी काढून द्या आणि सांगा, ४० वरून उडी मारून थेट ३१२ उघड. तुमच्या फोटोतलं राहिलेलं चिन्ह तिथे आहे.